‘उतार आहे’ एवढ्याने भागणार नाही

ओटीपोटातील सिरा फुगून त्यांत रक्त साचणे व त्यामुळे महिनोन्महिने ठणका राहणे, हा विकार आपल्या चिकित्सालयांत दुर्मिळ नाही. तो ओळखला जाणे दुर्मिळ आहे. दिवसभर उभे राहिल्यावर वाढणारी, संबंधानंतर रेंगाळणारी आणि आडवे झाल्यावर उतरणारी वेदना बहुप्रसवा स्त्री सांगते. वीस योनिव्यापदांपैकी एकीतही हे चित्र जसेच्या तसे बसत नाही. म्हणून अपानवायू व सिरादुष्टी यांचा विचार करून वैद्य आपापल्या अनुभवाने योजना करतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती केसपेपरवरील पुढच्या दोन शब्दांबद्दल : ‘उतार आहे’. किती, कशात, केव्हापासून?

डॉप्लर तपासणीत नीलेचा व्यास घटला, एवढ्यावरही यश मानता येत नाही. रुंदावलेल्या नीला कोणताही त्रास नसलेल्या स्त्रियांतही आढळतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणातही लक्षणे, फुगलेल्या सिरा आणि त्यांमागील विकृती यांची नोंद वेगवेगळी करावयाची असते.

तेव्हा रुग्णेलाच विचारावे, आणि तेही औषध सुरू करण्यापूर्वी. वेदनेला ० ते १० पैकी किती अंक? ठणका लागेपर्यंत किती वेळ उभे राहता येते? महिन्यात वेदनाशामक गोळ्या किती लागतात? हेच प्रश्न, याच शब्दांत, पाळीच्या त्याच दिवसांत, तीन व सहा महिन्यांनी पुन्हा विचारावेत. संबंधाच्या वेळची वेदना पुरुष वैद्यापुढे क्वचितच सांगितली जाते. त्यासाठी छापील प्रश्नावली रुग्णेच्या हाती द्यावी हे बरे.

वेदना शिगेला पोहोचली की रुग्णा येते. पुढील भेटीत थोडे बरे वाटणे औषधाविनाही संभवते. रजोनिवृत्तीनंतर तर त्रास आपोआप ओसरू शकतो. आणि जी परत आलीच नाही तिला बरी झाली असे धरण्याची आपली सवय, स्पष्टच बोलायचे तर, सोयीची आहे. तिची गणना निराळी व्हावी.

औषधनिर्मात्या बंधूंनाही हे लागू आहे. स्त्रीरोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मज्जाव असता ‘असंख्य भगिनींना गुण’ असे पत्रक छापण्यापेक्षा, त्याच कागदावर वरील प्रश्नावली छापून ती वैद्यांकडे पाठविणे अधिक उपयोगाचे होईल.