विश्लेषण : ‘अंग बाहेर येते’ म्हणजे प्रत्येक वेळी गर्भाशयच घसरते का?

‘अंग बाहेर येते’ हे वाक्य बायका दबक्या आवाजात बोलतात. दवाखान्यात जायला वर्षे लागतात आणि गेल्यावर अनेकदा सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाका.’ पण बाहेर दिसणारा भाग म्हणजे पूर्ण घसरलेले गर्भाशय असेलच असे नाही. काही वेळा गर्भाशय बरेचसे जागेवर असते. ताणून लांबलेले त्याचे मुख तेवढे बाहेर येते.

नेमके काय होते?

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा योनीत उतरणारा निमुळता भाग. त्याची लांबी साधारण ३ ते ४ सेंटिमीटर असते. योनीच्या भिंती सैल पडून उतरू लागल्या की त्या मुखाला खाली ओढतात. वरचे बंध मात्र गर्भाशय धरून ठेवतात. या ओढाताणीत मुख लांबते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एमआरआय अभ्यासात अंग बाहेर येणाऱ्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचे मुख लांबलेले आढळले.

धोका कोणाला?

अंग जितके जास्त खाली, तितके मुख लांबलेले असण्याची शक्यता अधिक. म्हणजे मूळ त्रास वाढवणारी कारणे इथेही लागू होतात : अनेक बाळंतपणे, लांबलेली प्रसूती, बाळंतपणानंतर लगेच जड कामे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा आणि पाळी गेल्यानंतर सैलावणाऱ्या पेशी. काहींचे मुख जन्मतःच लांब असते. त्यामुळे मूल न झालेल्या तरुणीलाही हा त्रास होऊ शकतो.

लांबी का मोजायची?

कारण उपचार त्यावर ठरतो. मुख लांबलेले असताना गर्भाशय नुसते वर टांगले, तर तक्रार परत येऊ शकते. ‘मँचेस्टर’ शस्त्रक्रियेत लांबलेले मुख कापून आधार दुरुस्त करतात, गर्भाशय राहते. गर्भाशय वाचवून ते वर बांधण्याच्या पद्धती मुंबईच्याच डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी विकसित केल्या. त्याच महाराष्ट्रात बीडमधील ऊसतोड महिलांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याच्या तक्रारींवरून २०१९ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, हे विसरता येणार नाही.

मग करायचे काय?

सुरुवातीच्या टप्प्यात कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि आधाराची रिंग उपयोगी पडते. रक्तस्राव किंवा जखम असेल तर कर्करोगाची तपासणी आधी हवी. शस्त्रक्रिया सुचवली गेली तर दोन प्रश्न विचारावेत : मुखाची लांबी मोजली का? गर्भाशय राखून उपचार शक्य आहे का? काही जणींना गर्भाशय काढणे आवश्यक असतेही. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा, तपासणीऐवजीचा नव्हे. बाळंतिणीला हंडा उचलायला न लावणे, हा प्रतिबंध मात्र घरातूनच सुरू होतो.