तोंडातला बांबू

मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या किशोरी गटानं आग्रह धरला, म्हणून ‘डीमन स्लेअर’ या जपानी कार्टून मालिकेचं २०१९ सालचं पहिलं पर्व मी पाहिलं. २६ भाग! तलवारबाजीचा मला कंटाळाच आला. एक राक्षस मारायचा, की पुढचा हजर.

पण डोंगरातल्या त्या राक्षस-कुटुंबानं मला हादरवलं. रुई धाक दाखवून इतरांना आपले आईबाप, भावंडं बनवतो. ‘आई’ला आईपण जमलं नाही की मार. शेवटी ती आपणहून मान पुढे करते, तेव्हा नायक तान्जिरो आपला वार हळुवार करतो. मार खाऊन आलेल्या बायकांशी बोलताना तो चेहरा मी पाहिलाय. आपल्या सासू-सुनांच्या मालिकांत तो मला कधी दिसला नाही.

तान्जिरोची बहीण नेझुको राक्षस झालेली, तरी भावाला वाचवणारी. पण चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबू. पहिल्या भागानंतर ती जवळपास मुकीच. आणि झेनित्सू भररस्त्यात एका मुलीला लग्नासाठी चिकटतो, तो म्हणे विनोद! एसटी स्टँडवर हेच सोसणाऱ्या आमच्या मुली तिथे हसल्या नाहीत. एकीनं विचारलं, “ताई, बांबू काढला तं ते काय बोलंन?”

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं ते लिहून आणायचंय.