फळ्यापलीकडे : टोपलीखाली काय असेल?

बालमित्रांनो,

गेल्या आठवड्यात वर्गात महाराष्ट्राचा नकाशा शिकवत होते. पट्टी फिरवत फिरवत कोकणचा किनारा दाखवला आणि म्हणाले, "हा आपला समुद्र." एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आपला कसा? आपल्या मेहरूणला तर तलाव आहे!"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण प्रश्न काही खोटा नव्हता. जळगावहून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. आमच्या शेजारच्या धुळ्याकडच्या आजी तर सरळच विचारतात, "आपला खान्देशमा समुद्र कोठे शे?" मग त्या समुद्राची काळजी आपण का करायची?

उत्तर म्हणून मी मुलांना एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. गोष्ट खरी आहे, आणि तिचा थोडासा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं एक छोटं गाव आहे. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे याच गावचे. या गावच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या रात्री एक पाहुणी येते. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी! लांबीला दोन फूट, वजनाला पस्तीस-चाळीस किलो. वाळूत आपलं अंग ओढत ती वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा खणते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. अंडं कसं, तर टेबल टेनिसच्या चेंडूसारखं पांढरं आणि गोल. मग ती वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं बघायला परत कधीच येत नाही.

आई गेली. मग त्या अंड्यांना वाली कोण?

चिपळूणला 'सह्याद्री निसर्ग मित्र' नावाची संस्था आहे. १९९२ साली सुरू झालेली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली किनाऱ्यावर समुद्र गरुडाची घरटी मोजत फिरत होते. शोधत होते गरुड, आणि वेळासच्या वाळूत सापडली कासवाच्या अंड्यांची टरफलं! चौकशी केली तेव्हा कळलं, की कासवं इथे येतात, पण त्यांची अंडी लोक काढून नेतात. जी उरतात ती कोल्ही-कुत्री उकरतात.

इथे माझ्या वर्गात हात वर झाला. "बाई, मग त्या चोरांना तुरुंगात टाकलं का?"

तसा कायदा आहे बरं का! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवांना संरक्षण दिलेलं आहे. पण भाऊंनी वेगळी वाट धरली. त्यांनी गावकऱ्यांनाच सोबत घेतलं. किनाऱ्याची रखवाली गावातल्याच माणसांकडे सोपवली. वेळासचेच मोहन उपाध्ये यांच्यासारखे तरुण या कामात पडले ते कायमचेच.

हे काम कसं चालतं ते ऐका. उजाडायच्या आत किनाऱ्यावर चक्कर मारायची. वाळूवर गाडीच्या चाकासारखा माग दिसला, की समजायचं रात्री कासव येऊन गेलं. मग घरटं शोधायचं, अंडी हलक्या हातानं काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची. तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून ठेवायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. दिवस भरत आले, की त्या जागेवर टोपली पालथी घालायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायचं.

आणखी एक गंमत. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. म्हणजे जगाचं ऊन वाढलं, तर कासवांच्या घरात नुसत्या मुलीच जन्मतील! मग पुढे अंडी फळणार कशी?

पुन्हा एक हात वर. हा मुलगा कमी बोलतो, त्याचे वडील भाजीची गाडी लावतात. तो म्हणाला, "बाई, अंडी विकणं बंद झालं, मग त्या लोकांना पैसे कुठून आले?"

खरं सांगते, एवढा चांगला प्रश्न मोठ्यांनाही सुचत नाही. २००६ साली वेळासला 'कासव महोत्सव' सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक गावात येऊ लागले. हॉटेलात नाही, तर गावकऱ्यांच्याच घरी राहू लागले, त्यांच्याच हातचं जेवू लागले. अंडं विकलं तर पैसे एकदाच मिळतात. पिल्लू जगलं तर दर वर्षी पाहुणे येतात. हा हिशेब गावाला पटला. पुढे वनविभागही या कामात उतरला, आणि आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी किनाऱ्यांवर रखवाली सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी माझ्या भाचीला घेऊन वेळासला गेले होते. सकाळी सगळे श्वास रोखून उभे. टोपली उचलली. खाली काय असेल? नुसती वाळू! भाची रडवेली झाली. एवढ्या लांबून आलो आणि काहीच नाही? मी तिला म्हटलं, "अगं, कासवाच्या पिल्लांना शाळेची घंटा नसते." संध्याकाळी पुन्हा टोपली उचलली, आणि तळहाताहूनही लहान अशी काळसर पिल्लं वळवळताना दिसली! त्यांना वाळूवर सोडलं. पडत, अडखळत ती समुद्राकडे निघाली. एक लाट आली आणि सगळी दिसेनाशी झाली. भाची पुन्हा रडली, पण आता वेगळ्या कारणानं.

हजार पिल्लांतलं जेमतेम एखादं मोठं होतं, असं जाणकार सांगतात. वर्गातल्या एकीनं लगेच विचारलं, "मग एवढी मेहनत कशाला?" म्हटलं, चला, गणित करू. एका घरट्यात शंभर अंडी धरली, तर दहा घरट्यांमागे एक कासव. त्या दहांतली नऊ घरटी लुटली गेली, तर ते एक तरी उरेल का? वर्ग गप्प झाला.

आणि ते एक कासव किती लांब जातं ठाऊक आहे? २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये ती आपल्या गुहागरला अंडी घालायला आली! सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास! बिल्ला होता म्हणून आणि गुहागरला रात्री कुणीतरी जागं होतं म्हणून हे कळलं.

हे काम फक्त मोठ्यांचंच असतं असं समजू नका. चेन्नईत १९८८ साली विद्यार्थ्यांनीच कासवं वाचवण्याची संघटना काढली. तिथले तरुण अजूनही कासवांच्या दिवसांत रात्र रात्र किनारा पालथा घालतात. सुरुवातीच्या त्या मुलांतले कार्तिक शंकर पुढे कासवांचे मोठे अभ्यासक झाले.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येते. समुद्र आपला कसा?

नकाशा काढा. गिरणेवर बोट ठेवा. गिरणा तापीला मिळते. वाघूरही तापीलाच मिळते. तापी पुढे सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, त्याच समुद्राला जिथे वेळासची पिल्लं पोहतात. आपल्या गल्लीत टाकलेली पिशवी पहिल्या पावसात नाल्यात जाते, नाल्यातून नदीत. वाटेत धरणात अडकली नाही, तर ती कुठे पोचेल ते तुम्हीच सांगा. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते, आणि ते तिला गिळतं.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, पण आपण काही समुद्रापासून लांब नाही!

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गानं फळ्याशेजारी एक टोपली पालथी ठेवली. रस्त्यात दिसलेली पिशवी उचलायची आणि तिच्याखाली ठेवायची. शनिवारी टोपली उचलून मोजायचं. पहिली पिशवी आणली ती मागच्या बाकावरच्यानंच.

आई-बाबांनो, सुट्टीत वेळासला जायचं ठरवलंत तर आधी चौकशी करून जा. गावातल्या घरीच उतरा. पिल्लांना हात लावू नका आणि विजेरीचा झोत टाकू नका, कारण उजेडानं ती वाट चुकतात. आणि टोपलीखाली नुसती वाळू निघाली, तर मुलांना घेऊन संध्याकाळपर्यंत थांबा.

मुलांनो, आता तुमचं काम. तुमच्या गावचा नाला कोणत्या नदीला आणि ती नदी कोणत्या समुद्राला मिळते ते शोधा, नकाशा काढा आणि मला पाठवा. वाट बघते हं!

तुमची,
बाई