इंग्रजांची आहे म्हणून पाडायची?

दगडी शाळा, जुनी कचेरी, डाकबंगला, काहीही पाडायचं निघालं की आपल्याकडे दोन वाक्यं तयार असतात. "धोकादायक आहे" आणि "गुलामगिरीची खूण आहे". पहिल्याला कागद लागतो, तो कुणी दाखवत नाही. दुसऱ्याला काहीच लागत नाही, नुसत्या टाळ्या पडतात.

चला, खुणेचंच बोलू. व्हिक्टोरिया राणी गादीवर होती 1837 ते 1901. एवढ्या काळात बांधकामाची तऱ्हा एकच राहिली असेल का? तिच्याआधीचा मुंबईचा टाउन हॉल (1833) ग्रीक खांबांचा, निव्वळ साहेबी रुबाब. 1860 नंतर कापसाचा पैसा खुळखुळला, फोर्टाचा तट पाडला आणि टोकदार कमानींचं गॉथिक आलं. राजाबाई टॉवर 1878 चा. त्याच साली स्टीव्हन्सच्या बोरीबंदर स्टेशनचं काम निघालं, आणि आपली दौंड-मनमाड लाईनही त्याच सालची, बरं का! बोरीबंदरच्या नक्षीला हात लागले ते जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे. आणि 1913 चं मुंबईचं जीपीओ बघा, त्यावर थेट विजापूरच्या गोल घुमटाची छाप. विजापूर म्हणजे आपल्या निजामशाहीची शेजारीण. शेवटी साहेबालाच दख्खनकडून शिकावं लागलं.

नगरला कळस-मनोरे फार आले नाहीत, आलं ते कामापुरतं. कॅम्पातले बंगले, मिशनची बांधकामं, तालुक्याच्या कचेऱ्या. काळा दगड, चुना, उतरती कौलं, उंच छत, वर झरोके, पुढं खोल व्हरांडा. व्हरांडा म्हणजे आपली ओसरीच की! मे महिन्यात दुपारी तिथं बसा, मग लाईट गेल्यावर काचेच्या नव्या ऑफिसात बसून बघा.

मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा 94 इमारती 2018 ला युनेस्कोच्या यादीत गेल्या, तेव्हा आपणच अभिमानानं फोटो फिरवले. तिथं वारसा आणि इथं राडारोडा? ज्या अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला दिलं, त्यांनी देशभर घाट-बारवा बांधल्या, पडकी देवळं उभी केली. निदान त्याची तरी आठवण ठेवा.

खरंच धोकादायक असेल तर पाडा, माझी हरकत नाही. पण आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल नोटीस बोर्डावर लावा. दुरुस्तीला किती खर्च येतो तेही लिहा. आणि खाली, जागा मोकळी झाल्यावर तिथं गाळे किती निघणार आणि ते कुणाला मिळणार, तोही आकडा टाका.