समाकलनाचा रियाज

शिकवणीवर्गात पैसे मोजल्याखेरीज मुलाला वरचे गणित येणार नाही, हा समज आता बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतही पक्का होऊन बसला आहे. बारावीचे वर्ष लागले की माझ्याकडे गाणे शिकणारी मुले तंबोरा ठेवून वर्गाला जातात. पालक सांगतात, "मास्तर, वर्षभर गाणे बंद, इंटिग्रेशन जड जाते त्याला." गाणे सुटल्याचे दुःख मला आहेच, परंतु ज्या कारणाने ते सुटते ते कारणच मला पटत नाही. समाकलन हा गणिताचा असा भाग आहे की जो घरी बसून, एकट्याने, वहीपेन्सिलीवर शिकता येतो. किंबहुना बराचसा तसाच शिकावा लागतो.

गवयाच्या मुलाने गणितावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. आमच्या घरी दरबारची चाकरी होती आणि वडिलांनी मला सुरांखेरीज काही शिकवले नाही. तंबोऱ्याच्या तारेचे गणित कळावे म्हणून चाळिशीनंतर मी हे पुस्तक उघडले, आणि गेली तीन वर्षे रोज पहाटे स्वर लावून झाले की पाच उदाहरणे सोडवतो. (आमच्याकडची मुले गुजराती पुस्तकांमुळे विकलन आणि संकलन म्हणतात, मराठी विश्वकोशात अवकलन व समाकलन आहे, नावावाचून काही अडत नाही.)

अवकलन हे सरळ काम. ठरावीक नियम लावत गेले की उत्तर हाती येतेच. समाकलन ही उलटी वाट. मूळ काय होते ते ओळखायचे, आणि त्याला सर्वत्र चालेल असा एकच सोपा नियम नाही. क्ष आणि साइन क्ष यांचा गुणाकार आला तर खंडशः समाकलन करावे लागते. क्ष आणि क्षच्या वर्गाची साइन यांचा गुणाकार आला तर चल बदलला की दोन ओळींत काम होते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, तरी जाणकार दोन स्वरांत राग ओळखतो. हे ओळखणे त्याला कोणी सांगून आलेले नसते. शेकडो वेळा ऐकून आणि गाऊन आलेले असते. सोडवलेले उदाहरण वाचणे म्हणजे दुसऱ्याची तान ऐकणे. आनंद होतो, गळा मात्र फिरत नाही.

शिवाय या विद्येत एक सोय आहे, जी आमच्या विद्येत नाही. आलेल्या उत्तराचे अवकलन करावे. मूळ राशी परत आली की उत्तर बरोबर. बेसूर गाणाऱ्याला आपला बेसूर पुष्कळदा ऐकूच येत नाही, म्हणून गुरू समोर बसलेला लागतो. येथे तपासणारा वहीतच असतो. परीक्षेने मात्र या सोयीचेच वाटोळे केले आहे. चार उत्तरांतून एक निवडायचे असले म्हणजे चलाख मुलगा त्या चारांचे अवकलन करून खूण करतो. समाकलन त्याने केलेलेच नसते. वर्गात हीच युक्ती पैसे घेऊन शिकवतात.

एकट्याने शिकणाऱ्याला एका ठिकाणी मात्र माणूस लागतो. ई चा घात उणे क्षवर्ग, ही राशी दिसायला किती साधी! तिचे समाकलन नेहमीच्या फलांत मांडताच येत नाही. अशा प्रश्नांचे शास्त्र लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने 1830 च्या दशकात घातले. मौज अशी की त्या वक्राखालचे सबंध क्षेत्रफळ नेमके पायच्या वर्गमुळाइतके भरते. "येथे डोके फोडू नकोस" एवढे सांगणारा जाणता जवळ असला की महिना वाचतो. त्यासाठी वर्षभराची फी कशाला?

आता तार. फूरियेने 1822 च्या आपल्या ग्रंथात दाखवलेल्या रीतीने ताणलेल्या तारेतले स्वयंभू स्वर समाकलनाने मोजता येतात. तार बरोबर मध्यावर ओढली की तिचा त्रिकोण होतो. त्याचे खंडशः समाकलन केले असता दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे स्वर शून्य येतात, तिसऱ्याचे माप पहिल्याच्या एकनवमांश, पाचव्याचे, म्हणजे आपल्या गंधाराचे, 25 वा हिस्सा. उत्तर तपासले, बरोबर आहे. आणि तंबोरा छेडला की ते नाहीसे झालेले स्वर खुशाल ऐकू येतात, गंधारही हिशेबापेक्षा उजळ. हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्येच नोंदवून ठेवले आहे. चूक समाकलनाची नाही. तारेची दोन्ही टोके घट्ट धरलेली आहेत असे त्यात गृहीत आहे, आणि तंबोऱ्याची रुंद, बाकदार घोडी व तिच्यावरचा जवारीचा दोरा ते गृहीत मोडतात. ज्याने ते उदाहरण स्वतः सोडवले त्यालाच ही गंमत कळते. मला ती कळली तेव्हा मी क्लासात नव्हतो, खुंट्या पिळत होतो.

बडोद्यात कलाभवन 1890 साली निघाले. तेथे शिकलेल्यांच्या पुष्कळ घरांत आजोबांची कॅल्क्युलसची पुस्तके अजून माळ्यावर असतील. ती रद्दीत घालू नयेत, घरातल्या बारावीच्या मुलामुलींना काढून द्यावीत. आणि समासात आजोबांनी पेन्सिलीने सोडवलेली उदाहरणे असली तर ती आधी कागदाने झाकून ठेवावीत.