वनौषधी आणि चिवट रोगजंतू

प्रतिजैविक औषधे जनावरांस पूर्वीसारखी लागू पडत नाहीत, अशी तक्रार आता वारंवार ऐकू येते. अपुरी मात्रा देणे, गुण दिसताच औषध थांबविणे किंवा वाढ लवकर व्हावी म्हणून निरोगी जनावरांच्या खाद्यात ते मिसळणे, यांमुळे दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. अशा वेळी चिनी वनौषधींनी हे जंतू मरतात असे कानी आल्यास पशुपालकांस आशा वाटणे साहजिक आहे. ती कितपत खरी, हे पारखून घेतले पाहिजे.

चीनमध्ये हुआंगलियान या वनस्पतीची कडू, पिवळी मुळे अतिसारावर फार पूर्वीपासून देतात. त्यांतील बर्बेरीन हे द्रव्य आपल्या दारुहळदीतही असते. परीक्षानळीत ते जंतूंना मारते. परंतु कासेस दगडी करणाऱ्या जंतूंपैकी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू ते पंपाप्रमाणे शरीराबाहेर फेकतो. सन २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांना दारुहळदीच्याच कुळातील झुडुपांत या पंपास अडविणारे दुसरे द्रव्य आढळले. ते सोबत असता बर्बेरीनची थोडी मात्राही पुरी पडली.

तथापि परीक्षानळी म्हणजे गाय नव्हे. तोंडावाटे दिलेले बर्बेरीन रक्तात फारच थोडे उतरते. अतिसारात ते आतड्यातच राहते, हे सोयीचे. पण कासेच्या रोगात त्याचा भरवसा कसा धरावा? दगडी झालेल्या गाईस नुसता काढा पाजून दिवस दवडल्यास सडाचे दूध कायमचे आटण्याची भीती असते.

चीनचा मोठा धडा निराळाच आहे. तेथे डुकरांच्या खाद्यात कोलिस्टिन हे औषध सर्रास मिसळीत. त्यास न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो व तो डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही पोहोचला आहे, असे २०१५ साली उघडकीस आले. २०१७ साली खाद्यातील हा वापर बंद झाला. डुकरांतील अशा ई. कोलाय जंतूंचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते. २०१७-१८ मध्ये ते सुमारे ५ टक्क्यांवर आले. हा प्रभाव कोणत्याही काढ्याचा नव्हे, हात आवरल्याचा आहे. भारतानेही २०१९ साली अन्नोत्पादक जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वनौषधींस टाकाऊ समजू नये आणि रामबाणही समजू नये. त्यांचे संशोधन अवश्य व्हावे. परंतु ते होईपर्यंत हाती असलेली औषधे जपणे आपलेच काम आहे. पशुवैद्यकाने सांगितलेली मात्रा पुरी करावी, त्याने ठरविलेल्या मुदतीतील दूध विकू नये, धार काढण्यापूर्वी हात व कास स्वच्छ करावी. ग्रामसेवकांनी गोठ्यागोठ्यांत एवढे जरी रुजविले, तरी चिवट जंतूंचा मार्ग पुष्कळसा रोखला जाईल.