पत्ते, प्रतिभा आणि काव्यकारणे

साहित्यशास्त्राच्या पेपरात काव्यकारणांवरचा प्रश्न हमखास येतो आणि प्रतिभा, व्युत्पत्ती व अभ्यास या त्रयीवर मुले ठरावीक चार पाने लिहून मोकळी होतात. हा वाद पोथ्यांपुरता उरला आहे असा त्यांचा, आणि बहुधा आपलाही, समज असतो. तो किती जिवंत आहे हे पाहायचे तर पोकर या पत्त्यांच्या खेळाकडे पाहावे. जुगाराचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी ऋग्वेदातले अक्षसूक्त आठवावे.

पोकरमध्ये 'उपजत' म्हटले की स्टू उंगरचे नाव निघते. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीजमधली मुख्य स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. पडलेली पाने लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती विलक्षण होती. व्यसनांनी पोखरलेला हा माणूस १९९८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तिथल्याच एका मोटेलच्या खोलीत मेला. दैवी देणगी आणि अकाली अंत! अशा चरित्रांचे आपल्याला भारी आकर्षण. बालकवींच्या कवितेपेक्षा त्यांच्या मृत्यूवरच अधिक वेळ बोलणारे अध्यापक मी ऐकले आहेत. पण उंगरचे वडील न्यूयॉर्कमध्ये बार चालवीत, तिथे जुगार चाले आणि पोरवयापासून हा मुलगा पत्त्यांच्या संगतीत वाढला, हा तपशील दंतकथेत मागे पडतो.

याउलट उदाहरण मारिया कोनिकोव्हा यांचे. मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या या लेखिकेला, खेळाकडे वळल्या तेव्हा, पत्त्यांच्या कॅटमध्ये किती पाने असतात हेही ठाऊक नव्हते. एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूला त्यांनी गुरू केले, आपले डाव त्याच्यापुढे मांडून तपासून घेतले आणि २०१८ मध्ये बहामाजमधली एक मोठी स्पर्धा जिंकली. 'द बिगेस्ट ब्लफ' (२०२०) या पुस्तकात ही हकिगत आहे. त्या सायडेल झाल्या नाहीत, हेही खरे. सारखे कष्ट घेणाऱ्या दोघांत फरक उरतोच. तो मी नाकारीत नाही.

मात्र पोकरची एक खोच कवितेलाही लागू पडते. तिथे अचूक खेळूनही डाव जातो आणि चुकीचा खेळ करूनही पैसे मिळतात. त्यामुळे नुसते खेळत राहिल्याने माणूस शिकतोच असे नाही; जिंकल्यावर चुकाच पक्क्या होतात. निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासणे, याला तिथे अभ्यास म्हणतात. पहिलीच कविता दिवाळी अंकात छापून आली आणि मग दहा वर्षे तीच कविता लिहिली, असे कवी आपल्यालाही परिचित आहेत. त्यांचा सराव दांडगा असतो; अभ्यास नसतो.

महाभारतकारांना हे माहीत असावे. पुष्कराकडून हरलेला नल ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकतो, बदल्यात आपली अश्वविद्या देतो, आणि मग राज्य परत जिंकतो. ही कथा वनवासातल्या युधिष्ठिराला बृहदश्व सांगतो आणि शेवटी ती विद्याही शिकवतो. द्यूताची आवड युधिष्ठिराला आधीपासूनच होती. उणीव होती ती विद्येची.

आता जगन्नाथ पंडित. प्रतिभा हेच काव्याचे एकमेव कारण, हे त्याचे मत आपण शिकवतो आणि तिथेच थांबतो. परंतु रसगंगाधरात तो पुढे जाऊन प्रतिभेचेही कारण शोधतो: कधी देवतादिकांच्या कृपेने आलेले अदृष्ट, तर कधी असामान्य व्युत्पत्ती आणि काव्यरचनेचा अभ्यास. म्हणजे कट्टर प्रतिभावाद्याच्या लेखीसुद्धा प्रतिभा कमावता येते.

हे वाक्य गाळण्याची किंमत वर्गात मोजावी लागते. ज्या मुलीच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत तिला आपण 'उपजत जाण आहे' म्हणतो. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तोच पहिला, त्याला 'मेहनती आहे' म्हणतो, आणि त्यात सूक्ष्म नापसंती असते. तिचे घर हा उंगरच्या बापाचा बार आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. त्या मुलाची कविता ओळीओळीने तपासून द्यायला तासभर लागतो, आणि 'प्रतिभा नाही' हे सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही. काव्यकारणांच्या प्रश्नात जगन्नाथाचे हे दुसरे विधान स्वतंत्रपणे विचारावे, असे मी आमच्या अभ्यासमंडळाला लिहून कळवले आहे.